सफाईनंतर रुसलेले गिअर

पावसाळा सरला, की पुष्कळ घरांच्या अंगणात एक छोटा सोहळा चालतो. सायकल उलटी उभी राहते, रॉकेलची वाटी पुढे येते, दात घासण्याचा जुना ब्रश कामास लागतो आणि चार महिन्यांची मळी साखळीवरून व मागच्या दातेरी चक्रांवरून खरवडून काढली जाते. संध्याकाळपर्यंत सर्व भाग जागच्या जागी बसतात. निदान बसल्यासारखे दिसतात. दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढावर सायकलस्वार गिअरची कळ दाबतो, तो मागून करकर ऐकू येते. साखळी एका चक्रावर बसते न बसते तोच शेजारच्या चक्राकडे झेपावते. काल चिखलाने माखलेली असताना निमूटपणे चालणारी सायकल आज स्वच्छ झाल्यावर रुसावी, याचे त्या बिचाऱ्यास नवल वाटते. मग तो स्क्रू ड्रायव्हर हाती घेतो, आणि खरा अनर्थ तेथून सुरू होतो.

मागच्या चाकाच्या आसावर लहानमोठी सातआठ किंवा अधिक चक्रे एकाशेजारी एक बसवलेली असतात. त्यांच्याखाली लोंबणारे यंत्र साखळीला एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलते. त्याचे नाव डिरेलर. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ रुळावरून उतरवणारा असा आहे, आणि तो अगदी यथार्थ आहे. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत हे यंत्र वापरण्यास परवानगी मिळाली ती १९३७ साली. पुढे कित्येक वर्षे दांडी किती सरकवायची हे स्वाराने आपल्या कानाने आणि बोटांनी ठरवायचे असे. यंत्रात थोडा दोष असला, तरी अनुभवी हात तो नकळत भरून काढी. १९८४ च्या सुमारास जपानच्या शिमानो कंपनीने ‘टक्’ असा आवाज होताच नेमके एक चक्र बदलणारी पद्धत प्रचारात आणली. तिने स्वाराचे श्रम वाचवले, पण चूक पोटात घालणारा तो हातही मधून काढून घेतला.

येथे मोजमाप किती बारीक आहे ते पाहण्यासारखे आहे. शिमानोच्या आठ चक्रांच्या संचात एका चक्रापासून दुसऱ्याचे अंतर ४.८ मिलिमीटर असते. तार १ मिलिमीटर खेचली गेली, की डिरेलर सुमारे १.७ मिलिमीटर सरकतो. म्हणजे तारेत अर्ध्या मिलिमीटरचा सैलपणा राहिला, तर साखळी आपल्या जागेपासून जवळजवळ १ मिलिमीटर चुकते. करकर होण्यास तेवढे पुरे.

तथापि सफाईपूर्वी गिअर नीट चालत होते, ही गोष्ट विसरता कामा नये. ज्या स्क्रूंना कोणी हात लावलाच नाही, ते एका रात्रीत बिघडत नाहीत. दोष शोधायचा तो हात लागलेल्या ठिकाणी.

प्रथम चाक. आसाची दोन्ही टोके चौकटीच्या खाचांत तळापर्यंत गेली नसली, तर चाक किंचित तिरपे राहते आणि त्याबरोबर सर्व चक्रेही तिरपी होतात. सायकल चाकांवर उभी करून, नट सैल सोडून, वरून भार देऊन पुन्हा आवळावी. अर्ध्या मिनिटाचे काम.

त्यानंतर साखळीची वाट. सर्वांत अधिक फसगत येथे होते. डिरेलरच्या पिंजऱ्यात दोन लहान कप्प्या असतात आणि त्यांच्या मध्ये बहुधा पत्र्याची एक बारीक जीभ असते. साखळी या जिभेच्या आतून जावयास हवी. ती बाहेरून ओवली गेली, तरी सायकल चालते, गिअरही बदलतात. फक्त प्रत्येक गिअरमध्ये खरखर सुरू राहते, आणि साखळी धातूवर धातू घासत राहते. कप्प्या धुण्यासाठी काढल्या असतील, तर त्यांची अदलाबदल झाली नाही ना, हेही पाहावे. पुष्कळ डिरेलरांत वरच्या कप्पीला आडव्या दिशेने मुद्दाम थोडी मोकळीक ठेवलेली असते; खालचीला ती नसते. पुन्हा जोडलेल्या ठिकाणी साखळीची कडी ताठ राहिली असेल, तर पायडलच्या दोनतीन फेऱ्यांमागे एकदा ठरल्या ठेक्याने उडी बसते. ती कडी हाताने आडवी वाकवून मोकळी केली, की रोग बरा.

चक्रांचा संच सोडवून धुतला असेल, तर दोन चक्रांमधील पातळ कड्यांकडे लक्ष द्यावे. अशी एखादी कडी रॉकेलच्या वाटीत राहून जाणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे. तसे झाले, तर काही गिअर बिनचूक लागतात आणि काही मुळीच लागत नाहीत. सगळेच गिअर सारखे चुकत असतील, तर दोष तारेत समजावा. हा भेद लक्षात ठेवला, तर निम्मा शोध जागच्या जागी संपतो.

तार पुन्हा बांधताना साखळी सर्वांत लहान चक्रावर असावी, डिरेलरवरची फिरकी पूर्ण आत वळवलेली असावी आणि तार हाताने ताणून मगच नट आवळावा. नटाजवळ तारेसाठी एक खाच असते. तार खाचेबाहेरून गेली, तर ओढीचे प्रमाणच बदलते, आणि मग फिरकी कितीही फिरवली तरी उपयोग होत नाही. साखळी मोठ्या चक्रावर चढण्यास कुरकुर करीत असेल, तर तार सैल आहे. लहानावर उतरण्यास अडत असेल, तर ती फार ताणलेली आहे. फिरकी बाहेर काढली की ताण वाढतो. एका वेळी पाव फेरी, त्याहून अधिक नाही.

राहिले ते दोन छोटे स्क्रू, ज्यांवर बहुधा इंग्रजी एच आणि एल ही अक्षरे असतात. उतावळा स्वार पहिल्याने त्यांच्याकडेच वळतो. वस्तुतः त्यांचा गिअरच्या अचूकतेशी संबंध नाही. ते डिरेलरची हद्द ठरवतात, एच लहान चक्राकडची आणि एल मोठ्या चक्राकडची. एल अजाणता सैल केला गेला, तर साखळी सर्वांत मोठे चक्र ओलांडून आऱ्यांत जाऊ शकते. हे चक्र लागते ते नेमके कठीण चढावर. मुंबई–पुणे सायकल शर्यतीच्या वाटेवरील बोरघाट चढताना, मागून मालमोटारी येत असता, साखळी किंवा डिरेलर आऱ्यांत अडकून मागचे चाक जागीच रुतले, तर गोष्ट केवळ वाकलेल्या आऱ्यांवर भागेलच असे नाही. म्हणून या स्क्रूंना हात लावण्याची वेळ आलीच, तर किती फेऱ्या फिरवल्या ते मोजून ठेवावे. आणि चाक वर उचलून, हळूहळू पायडल फिरवीत, साखळी मोठ्या चक्रापलीकडे ढकलून पाहिल्याखेरीज रस्त्यावर निघू नये.

सायकल धुताना उजव्या कुशीवर आडवी पडली असेल, तर आणखी एक तपासणी हवी. डिरेलर चौकटीच्या ज्या कानाला टांगलेला असतो, तो बहुतेक नव्या सायकलींत मऊ धातूचा असतो आणि सहज वाकतो. मागे उभे राहून पाहावे; दोन्ही कप्प्या आणि चक्र एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. कान वाकला असेल, तर तो कारागिराकडून सरळ करून घ्यावा किंवा बदलावा.

हे सर्व करूनही जोर देताच साखळी दातांवरून घसरत असेल, तर सफाईला दोष देण्यात अर्थ नाही. नव्या साखळीच्या २४ कड्या, खिळ्यापासून खिळ्यापर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. त्या सव्वाबारा इंचांच्या निम्म्या वाटेवर, म्हणजे १२ इंच आणि वर एकअष्टमांश इंच भरू लागल्या, तर साखळीबरोबर चक्रांचे दातही झिजलेले असतात, आणि जुन्या चक्रांवर नुसती नवी साखळी चढवली तर ती अधिकच घसरते. मळीखाली झाकलेली ही झीज ब्रशाने फक्त उघडी केली. दुकानातून आता साखळी आणि चक्रे दोन्ही आणावी लागतात.