बंद पडणारा संगणक आणि संगमेश्वरची हवा

संगणक चालता चालता गोठणे, निळ्या पडद्यावर चार ओळींचा इंग्रजी मजकूर उमटून तो आपोआप पुन्हा सुरू होणे आणि कसलीही सूचना न देता एकदम विझणे या तीन भिन्न घटना असल्या, तरी तक्रार करताना त्या बहुधा एकाच वाक्यात सांगितल्या जातात, आणि ते ऐकून दुरुस्ती करणाराही बहुधा एकच उपाय सुचवतो, तो म्हणजे ‘फॉरमॅट मारून बघू’. फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कवरील सर्व मजकूर पुसून विंडोजसारखी संचालन प्रणाली नव्याने बसवणे. दोष सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे यंत्राला चालवणाऱ्या आज्ञावलींत असेल, तर या उपायाने गुण येतो; तो हार्डवेअरमध्ये, म्हणजे हाताला लागणाऱ्या सुट्या भागांत असेल, तर थोड्याच दिवसांत ‘ये रे माझ्या मागल्या’ सुरू होते, आणि साठवलेली माहिती मात्र मधल्या मध्ये गेलेली असते.

संगमेश्वर तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावाच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वस्ती डोंगरउतारावरील वाड्यांमध्ये विखुरलेली असल्याने विजेच्या तारा झाडीतून लांबवर गेलेल्या असतात, आणि घरे ज्यावर उभी असतात ती जमीन बहुतांशी जांभ्याची असते. ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्र, पतसंस्था, शाळा, झेरॉक्सचे दुकान अशा ठिकाणी चालणारा मेजावरचा संगणक या साऱ्याला तोंड देत असतो. दाखले आणि उतारे ऑनलाइन झाल्यापासून, विशेषतः डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागल्यापासून, तो एक दिवस बंद राहिला तरी वाडीवरून आलेल्या माणसाचा हेलपाटा होतो. पुण्यामुंबईच्या वातानुकूलित कार्यालयासाठी लिहिलेली दुरुस्तीची पुस्तके येथे अपुरी पडतात, कारण ती तपास पेटीच्या आतून सुरू करतात, आणि येथे तो पेटीबाहेरून, भिंतीवरच्या सॉकेटपासून सुरू करावा लागतो.

दोष हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा हे वरवर पाहून ठरवणे किती फसवे असते, हे २०२४ च्या जुलै महिन्यात जगाला दोनदा दिसले. १९ जुलै रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. पुन्हा पुन्हा सुरू होऊन पुन्हा पुन्हा कोसळणारी ती यंत्रे पाहणाऱ्याला मदरबोर्ड जळाल्यासारखी वाटली असती, पण त्यांचा एकही भाग बिघडलेला नव्हता. त्याच महिन्यात इंटेलने आपल्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील मेजावरच्या संगणकांच्या काही प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे मान्य केले. त्या संगणकांवर कित्येक महिने खेळ कोसळत होते, पडद्यावर ग्राफिक्सची मेमरी कमी पडत असल्याची सूचना येत होती, आणि वापरणारे खेळाला किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला दोष देत होते. प्रत्यक्षात प्रोसेसरच झिजत होता, आणि कंपनीला पुढे वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून द्यावी लागली. पडद्यावर जे लिहून येते ती फक्त साक्ष असते, आणि साक्षीदार चुकू शकतो.

तरीही साक्ष नोंदवून घ्यावीच लागते. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही असते आणि रिलायबिलिटी मॉनिटर हे तिचे सोपे, दिनदर्शिकेसारखे रूप असते. यंत्र कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कारणाने थांबले हे तेथे दिसते. या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ ही ओळ वारंवार आढळते आणि तिच्यावरून वीजपुरवठ्याचा भाग खराब असल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो. या ओळीचा खरा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. तिच्या तपशिलात बगचेक या शब्दापुढे शून्याखेरीज आकडा असेल, तर विंडोजला काहीतरी चुकल्याचे कळले आणि तिने स्वतःहून काम थांबवले, असे समजावे. तेथे शून्य असेल आणि त्या वेळची मिनिडंप फाइल, म्हणजे कोसळतेवेळच्या स्मृतीचा जपून ठेवलेला छोटा तुकडा, तयारच झालेली नसेल, तर विंडोजला काही लिहिण्याइतकीही सवड मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र जागीच गोठले, असा तर्क बळकट होतो. ‘व्हिया-लॉगर’ या नावाने आलेल्या नोंदी मात्र गंभीरपणे घ्याव्यात, कारण त्या प्रोसेसर, मेमरी किंवा त्यांना जोडणारे मार्ग यांनी स्वतः कळवलेल्या चुका असतात.

निळ्या पडद्यावरील संकेत दर वेळी तोच असेल आणि त्यात एखाद्या ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर संशय सॉफ्टवेअरवर घ्यावा. ड्रायव्हर म्हणजे छापयंत्र, बोटांचे ठसे घेणारे उपकरण किंवा डिजिटल स्वाक्षरीचा टोकन यांची संचालन प्रणालीशी गाठ घालून देणारी आज्ञावली, आणि सेवा केंद्राच्या संगणकावर अशा उपकरणांची गर्दी असते. संकेत दर वेळी वेगळा, कधी ब्राउझर उघडताना, कधी काहीच न करता, कधी विंडोज बसवत असतानाच, अशी अनियमितता दिसली तर मेमरी किंवा वीजपुरवठा यांकडे वळावे. हा नियम पक्का नसला तरी तपासाला दिशा देण्यापुरता विश्वासार्ह आहे.

कोकणात ज्या दोषाला सर्वाधिक वेळा नाहक दुसरे नाव मिळते तो विजेचा. संगणकाच्या पेटीतील एसएमपीएस हा भाग भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो, आणि या तिन्हींत पाच टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार होऊ नये असे ठरलेले आहे. वीज क्षणभर तुटली तरी आतील कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे लहान डबे, यंत्राला साधारण १६ ते १७ मिलिसेकंद तगवून धरतात. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे ही सोय एका आवर्तनाइतकीही नसते. दुकानात मिळणारा साधा यूपीएस मुख्य वीज गेल्यावर बॅटरीकडे वळायला चार ते दहा मिलिसेकंद घेतो, आणि यंत्र नवे असेपर्यंत हा हिशेब जुळतो. पण उष्णतेने कपॅसिटर वर्षागणिक सुकत जातात, त्यांची साठवण घटते, तगवून धरण्याचा काळ कमी होतो, आणि एके दिवशी तोच यूपीएस, तोच संगणक असूनही वीज जाताच यंत्र पुन्हा सुरू होऊ लागते. अशा वेळी यूपीएस बदलला जातो, विंडोज नव्याने बसवली जाते, क्वचित मदरबोर्डही बदलला जातो, आणि त्या सर्वांपेक्षा बराच स्वस्त असणारा एसएमपीएस मात्र जुनाच राहतो.

यूपीएस निर्दोष असतोच असेही नाही. त्यातील शिशाची बॅटरी बहुधा दोन-तीन वर्षांत निकामी होते, आणि वीज नियमित असलेल्या काळात हे लक्षातही येत नाही. बॅटरीची ताकद कळावी म्हणून संगणकाऐवजी एखादा साधा दिवा यूपीएसला लावून मुख्य बटण बंद करून पाहावे. दिवा लगेच विझला तर पेटी उघडण्याचे कारण उरत नाही. रिस्टार्ट होण्याच्या वेळा टिपून त्या शेजारचा पंप, फ्रीज किंवा वेल्डिंगचे यंत्र सुरू होण्याच्या वेळांशी ताडून पाहणे हा उपाय तर फुकटचा आहे आणि तो फारच थोडे लोक करतात.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडाडणाऱ्या विजेचा फटका केवळ विजेच्या तारेतूनच येतो असे नाही. टेलिफोनची तांब्याची तार, डिशची केबल आणि खोल्यांमधून फिरवलेली लॅनची केबल हेही तिचे रस्ते आहेत. काचतंतूची फायबर केबल वीज वाहून नेत नाही, मात्र तिच्या टोकाच्या पेटीचा अडॅप्टर सॉकेटलाच लावलेला असतो. वादळात खांबावरील न्यूट्रल तार तुटली तर एकफेजी घरांत २३० ऐवजी चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, आणि त्यापुढे साध्या स्पाइक-गार्डचे काही चालत नाही. येथे अर्थिंगचाही प्रश्न येतो. जांभ्याच्या कातळात अर्थिंगची सळई खोल जात नाही, आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. म्हणून कोळसा व मीठ घालून केलेल्या खड्ड्यात एप्रिल-मे महिन्यांत पाणी ओतण्याची रीत आहे, आणि ती शास्त्राला धरून आहे. पेटीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या आधी वायरमनला बोलवावे.

दुसरा स्थानिक संशयित म्हणजे दमट हवा. कोकणात यंत्र गंजले की खाऱ्या वाऱ्याचे नाव घेण्याची सवय आहे. जयगड किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ते योग्यही ठरते, पण संगमेश्वर समुद्रापासून सरळ रेषेत तीसएक किलोमीटर आत आहे, आणि येथील खरा त्रास पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी आणणाऱ्या ओलाव्याचा आहे. पेटीत साठलेली धूळ कोरडी असते तोवर फक्त गरम करते. ती ओलावा धरू लागली की मदरबोर्डवर विजेला नको त्या वाटा मिळतात. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्टीवरील सोनेरी टोके आणि तिची खाच यांच्यामध्ये मळ बसून जोड सैल होतो, आणि मग यंत्र सुरूच होत नाही किंवा मधूनच कोसळते. पट्टी काढून टोके पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसणे आणि पुन्हा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवणे, या उपायाने सुधारलेल्या संगणकांना नवीन रॅम विकली गेल्याची उदाहरणे बाजारात कमी नसावीत. हे करताना सॉकेटमधून वायर काढलेली असावी, हे सांगायला नको. जून ते सप्टेंबर या काळात महिनोन्‌महिने बंद ठेवलेला शाळेतील संगणक रोज तासभर चालू ठेवला, तर त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडे ठेवते. गोठण्याची वेळ दुपारची असेल, किंवा काम जड झाले की यंत्र बंद पडत असेल, तर पंख्याच्या पात्यांवरील जळमटे आणि प्रोसेसरवरील सुकलेली पेस्ट पाहावी. पालीची किंवा झुरळांची पेटीतील वस्तीही दुर्मीळ नाही.

यानंतर मेमरी आणि डिस्क. मेमरीची परीक्षा विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिकने किंवा पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्टने घेता येते, पण ती एकदा धावून ‘ठीक’ म्हणाली म्हणून मेमरी सुटली असे मानू नये. अनेक फेऱ्या, शक्यतो रात्रभर, होऊ द्याव्यात, आणि एकही चूक आढळली तर प्रत्येक पट्टी एकटी लावून पुन्हा तपासावे. डिस्कची प्रकृती ‘स्मार्ट’ या अंगभूत नोंदीतून वाचता येते, आणि निकामी होऊन बदलले गेलेले भाग सांगणारा आकडा वाढत असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नये.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांचा निवाडा करणारी सर्वांत चांगली कसोटी फारशी वापरली जात नाही. पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा सी-डॅकने तयार केलेली बॉस ही संचालन प्रणाली घेऊन, डिस्कला हात न लावता, त्याच यंत्रावर दोन-तीन दिवस नेहमीचे काम करून पाहावे. तेथेही यंत्र कोसळले तर विंडोज, ड्रायव्हर आणि विषाणू हे तिघेही एकदमच सुटतात. कोसळले नाही, तर सुटा भाग विकत घेण्याआधी ड्रायव्हर आणि अद्ययावतीकरणे तपासणे शहाणपणाचे ठरते, यात ‘क्रॅक’ केलेली विंडोजही आली. हार्डवेअरवर संशय पक्का झाल्यावर भाग अदलाबदल करून पाहावेत, पण एका वेळी एकच. तीन भाग एकदम बदलल्याने यंत्र सुरू होते, दोषी भाग मात्र कळत नाही, आणि उरलेल्या दोन चांगल्या भागांचे पैसेही जातात.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या कोसळण्याच्या नोंदी तपासून २०११ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. आठ महिन्यांच्या निरीक्षणकाळात एकूण तीस दिवसांइतका वेळ चाललेल्या यंत्रांपैकी साधारण १९० मध्ये एक यंत्र प्रोसेसरच्या चुकीने कोसळले होते; पण एकदा असे कोसळलेले यंत्र पुन्हा त्याच कारणाने कोसळण्याचे प्रमाण मात्र जवळजवळ तिघांत एक इतके निघाले, आणि डिस्कच्या बाबतीतही चित्र याहून फारसे वेगळे नव्हते. दुसऱ्या शब्दांत, हार्डवेअरचा दोष सहसा आपोआप जात नाही. म्हणून नोंदवहीत हार्डवेअरची पहिली चूक दिसताच, तपास सुरू करण्याच्याही आधी, सर्व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी, आणि जुन्या यंत्राचा मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच गेला असल्याचे सिद्ध झाले, तर त्यावर आणखी खर्च करू नये. एसएमपीएस, रॅम, डिस्क आणि यूपीएसची बॅटरी एवढ्यांसाठी मात्र जुना संगणक मोडीत काढण्याचे कारण नाही.