स्वयंपाकघरांतील छताचे दिवे

नवें घर बांधतांना दिवाणखान्याच्या दिव्यांचा विचार सर्वजण करितात. स्वयंपाकघराच्या वाट्यास मात्र बहुधा छताच्या मध्यभागीं एकच दिवा येतो. वस्तुतः घरांतील बारीक नजरेचें काम तेथेंच चालतें. आमचा भंडारा जिल्हा भाताचा. तांदुळांतील खडा शोधणें, लाखोळीची डाळ निवडणें, भाजी चिरणें, हीं कामें पुष्कळदां दिवेलागणीनंतर होतात. म्हणून छतांत बसविण्याच्या दिव्यांविषयीं चार गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली गोष्ट जागेची. प्रकाश सरळ रेषेंत जातो, हें विद्यार्थी वर्गांत शिकतातच. ओटा भिंतीलगत असतो, व स्वयंपाक करणारी व्यक्ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते. दिवा खोलीच्या मध्यभागीं असला म्हणजे तो तिच्या पाठीमागें येतो आणि तिची स्वतःचीच सावली सुरीवर व बोटांवर पडते. दिव्याची शक्ति दुप्पट केली तरी ही सावली जात नाहीं. दिवा पुढें घेणें हाच उपाय. ओटा दोन फूट रुंद असेल, तर भिंतीपासून सुमारें दीड ते दोन फुटांवर छतांत दिवा असावा. मध्यें भिंतींतील कपाट येत असेल, तर कपाटाच्या तळाशीं एक लहान पट्टीदिवा लावावा.

दुसरी गोष्ट कोनाची. खोक्यावर प्रकाशाचा कोन अंशांत छापलेला असतो. छत ओट्यापासून सात फूट उंच असेल, तर ३६ अंशांच्या दिव्याचें वर्तुळ ओट्यावर सुमारें साडेचार फूट व्यासाचें पडतें. ६० अंशांच्या दिव्याचें सुमारें आठ फूट. अरुंद कोनाचे दिवे दूर दूर लावल्यास मध्यें अंधार राहतो. मोठ्या मुलांनीं हें गणित कागदावर करून पाहावें.

तिसरी गोष्ट प्रकाशाच्या गुणाची. वॅट हें विजेच्या खर्चाचें माप होय, प्रकाशाचें नव्हे. प्रकाश ल्यूमेनमध्यें मोजतात. जुना ६० वॅटचा तारेचा दिवा जेवढा उजेड देई, तेवढा आज आठ-नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो. ज्या निळ्या एलईडीमुळें हे पांढरे दिवे शक्य झाले, तिच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सात वॅटचे तीन दिवे रोज चार तास लावले, तरी एक युनिट सुमारें बारा दिवस पुरतें. परंतु खोक्यावरील ‘सीआरआय’ हा आंकडाही पाहावा. तो ८० हून कमी नसावा, ९० असल्यास उत्तम. त्यावरून वस्तूंचे रंग किती खरे दिसतील तें कळतें. भंडारा पितळी भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. भांड्याची कल्हई उडाली असेल तर त्यांत ताक कळकतें, आणि ती उडाल्याचें चांगल्या प्रकाशांतच चटकन लक्षांत येतें.

चौथी गोष्ट छताची. काँक्रीटच्या स्लॅबला दिव्यासाठीं भोकें पाडूं नयेत. त्यानें सळया उघड्या पडतात. असे दिवे स्लॅबखालीं लावलेल्या खोट्या छतांतच बसवावे, व त्यांच्यावर हवेस मोकळी जागा ठेवावी. कारण उष्णतेनें एलईडीचें आयुष्य घटतें, आणि आमच्याकडील उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे. शेगडीच्या अगदीं वर दिवा नको. तेथें फोडणीचा धूर व वाफ कांचेवर बसते. कौलारू घरांत किंवा खोट्या छताचा खर्च परवडत नसेल तेथें छताखालीं अथवा समोरच्या भिंतीवर लावलेला साधा दिवाही तेंच काम करितो. जागा योग्य असली म्हणजे झालें. तारा मात्र परवानाधारक माणसाकडूनच ओढून घ्याव्या.

पालकांस शेवटीं एकच विनंति. छताचें काम ठरविण्यापूर्वीं एके सायंकाळीं घरांतील एकानें योजलेल्या जागेखालीं विजेरी उंच धरावी, आणि जी व्यक्ती रोज स्वयंपाक करिते तिनें ओट्याशीं उभें राहून आपली सावली कोठें पडते तें सांगावें. दिव्याची जागा तिच्या सांगण्यावरून ठरावी.