जागल्याचे वतन

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस आयकर खात्याने महाराष्ट्रातील एका नागरी सहकारी पतपेढीच्या मुख्य कचेरीवर आणि एका शाखेवर धाड घातली, तेव्हा त्या एकाच शाखेच्या दफ्तरात १२०० हून अधिक अशी खाती निघाली, की जी उघडताना पॅन क्रमांक घेतला गेला नव्हता, खातेदाराची ओळख पटवून घेतली गेली नव्हती, आणि ज्यांत वारंवार एकच रक्कम, नेमकी १ लाख ९० हजार रुपये, रोखीने भरण्यात आली होती. दोन लाखांच्या आत राहिले म्हणजे पॅनचा प्रश्न टळतो, या हिशेबाने ती बेतलेली होती. सर्व मिळून ही रोकड ५३ कोटी ७२ लाख रुपये भरली, पुढे त्याच शाखेत तिच्या मुदतठेवी झाल्या, आणि ज्यांच्या नावे ती जमा होती त्यांपैकी काहींकडे चौकशी केली असता त्यांना या पैशाची वार्ताही नव्हती. धान्याचा मोठा व्यापार असलेल्या एका संचालकाच्या सांगण्यावरून हे घडले, अशी कबुली पदाधिकाऱ्यांनी दिल्याचे खात्याच्या प्रसिद्धिपत्रकात नमूद आहे.

त्या पत्रकातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. खाते उघडण्याचे अर्ज शाखेतील नोकरांनीच भरले होते, आणि त्यांवरच्या सह्या व अंगठेही त्यांचेच होते. यांतील ७०० हून अधिक खाती मुख्यतः ऑगस्ट २०२० ते मे २०२१ या दहा महिन्यांत ओळीने उघडली गेली. म्हणजे दहा महिने कोणी तरी कारकून सकाळी शाखेत येऊन, पाणी पिऊन, चष्मा पुसून, न पाहिलेल्या माणसाच्या नावाने अर्ज लिहीत होता आणि संध्याकाळी घरी जाऊन मुलांच्या अभ्यासाची चौकशी करीत होता. त्या लिहिणाऱ्या हातांपैकी एखादा क्षणभर तरी थबकला असेल काय, आणि थबकला असल्यास त्याने कोणाकडे जावे अशी आपल्या समाजाची व कायद्याची व्यवस्था आहे?

अशा माणसाला मराठीत अलीकडे ‘जागल्या’ म्हणतात, आणि हा शब्द ज्याने प्रथम या अर्थी योजिला त्याच्या भाषाज्ञानाला मी मनापासून नमस्कार करतो. ‘खबऱ्या’त पैशाचा वास आहे, ‘घरभेद्या’त शाप आहे, जागल्या मात्र गाव झोपले असता गावासाठी जागणारा. परंतु जुन्या गावगाड्यातील जागल्याच्या जागण्यामागे वतन होते, खळ्यावरचे बलुते होते. त्याने रात्री हाक दिली म्हणून सकाळी गावाने त्याची भाकर तोडली असे होत नसे. त्या व्यवस्थेचा गौरव करावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. वतन ही पोटाला बांधलेली बेडीही होती, आणि महारवतनाची ती बेडी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी तोडली. मला एवढेच दिसते की आजच्या जागल्याला हाक देण्याचे कर्तव्य तेवढे सांगितले जाते आणि त्याच्या भाकरीची तजवीज कोणी करीत नाही.

कोल्हापूरसारख्या शहरात ही गोष्ट अधिकच बोचते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीच्या गुळाच्या व्यापारापासून हुपरीच्या चांदीकामापर्यंत, इचलकरंजीच्या यंत्रमागापासून पंचगंगेकाठच्या साखर कारखान्यांपर्यंत या जिल्ह्याचे सारे अर्थकारण सहकारी बँका आणि पतसंस्था यांच्या आधाराने उभे राहिले, आणि सामान्य माणसाला सावकाराच्या पाशातून सोडविण्याचे त्यांचे पुण्य कोणी नाकारू नये. पण जेथे सहकार आहे तेथे सहवासही आहे. ज्या संचालकाच्या शब्दावर मुलाला शाखेत नोकरी लागली, त्याच्याच शिक्षणसंस्थेत सून शिक्षिका असते, त्याच्याच कारखान्याला ऊस जातो, आणि घराच्या कर्जाला जामीन राहिलेला गृहस्थ त्याच्याच पॅनेलमधून निवडून आलेला असतो. अशा ठिकाणी तक्रारीचा कागद लिहिणारा केवळ वरिष्ठाशी वैर धरीत नाही. तो आपल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या, तालमीच्या, गल्लीच्या विश्वातून एका रात्रीत उठतो.

आतून कोणीच बोलले नाही म्हणजे संशय साऱ्यांवरच येतो, हेही या जिल्ह्याने अनुभवले आहे. नोटाबंदीनंतर सहाच दिवसांत, १४ नोव्हेंबर २०१६ रोजी, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. काळा पैसा याच वाटेने पांढरा होईल ही धास्ती त्यामागे होती. कोल्हापूरच्या जिल्हा बँकेजवळच्या सुमारे २५ कोटी रुपयांच्या नोटा पुढे दीर्घ काळ बदलून न मिळता पडून राहिल्या, आणि मनाईचा जाच भोगला तो पीककर्जाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याने.

बँकेतील नोकराच्या मनात आणखी एक गाठ असते ती गुप्ततेच्या शपथेची. रुजू होतानाच तो निष्ठेच्या व गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो, आणि खातेदाराचे गुपित फोडणे हे पाप आहे असे त्याच्या मनावर बिंबलेले असते. ही भावना सच्ची आहे, परंतु ती अर्धीच सांगितली जाते. बँकेच्या गोपनीयतेवरील प्रमाणभूत मानला जाणारा इंग्लंडमधील टूर्नियर खटल्याचा निकाल १९२४ चा. त्याच निकालाने कायद्याचा हुकूम आणि सार्वजनिक कर्तव्य यांना गोपनीयतेचे अपवाद म्हणून मान्यता दिली. त्याहीपूर्वी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात एक कलम होते, की सरकारी महसुलाविरुद्धच्या गुन्ह्याची खबर आपल्याला कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती महसुली अधिकाऱ्यावर करता येणार नाही; २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. परक्या सरकारला आपला खजिना भरण्यासाठी खबर देणाऱ्याच्या संरक्षणाची जी किंमत कळली होती, ती स्वकीय सरकारला त्याहून अधिक कळावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

परदेशातील दोन जागल्यांच्या कहाण्या येथे सांगितल्याच पाहिजेत. ब्रॅडली बर्केनफेल्ड हा यूबीएस या स्विस बँकेतील अधिकारी. श्रीमंत अमेरिकनांचा पैसा आपली बँक करापासून कसा लपविते, हे त्याने २००७ मध्ये अमेरिकी सरकारला सांगितले. २००९ मध्ये त्या बँकेने ७८ कोटी डॉलर भरले आणि शेकडो वर्षांच्या कीर्तीच्या स्विस गुप्ततेला पहिले मोठे भगदाड पडले. पण आपल्या एका बड्या अशिलाविषयी त्याने मौन पाळले होते, म्हणून त्याच वर्षी त्याला स्वतःला ४० महिन्यांची कैद झाली. तो तुरुंगातून सुटला ऑगस्ट २०१२ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात त्याच सरकारने त्याला १० कोटी ४० लाख डॉलर बक्षीस दिले, कारण वसूल झालेल्या रकमेच्या १५ ते ३० टक्के खबर देणाऱ्यास मिळावेत असा २००६ पासूनचा तेथील कायदा आहे. दुसरा एर्व्हे फाल्चियानी, एचएसबीसीच्या जिनिव्हा शाखेतील संगणक-तज्ज्ञ. त्याने नेलेल्या माहितीतूनच फ्रान्सने २०११ मध्ये भारताला ६२८ नावे दिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये संरक्षण मिळाल्यास भारताच्या तपासास साह्य करीन असे तो आपल्या पत्रकारांना सांगत होता, आणि त्याच महिन्यात स्विस न्यायालयाने त्याला आर्थिक हेरगिरीबद्दल, त्याच्या गैरहजेरीत, पाच वर्षांची शिक्षा सुनावली. एका देशाच्या तिजोरीचा उपकारकर्ता दुसऱ्या देशाचा गुन्हेगार ठरतो तो असा.

आपल्याकडेही इनाम आहे. २०१८ च्या योजनांनुसार दडविलेल्या उत्पन्नाची खबर देणाऱ्यास ५० लाखांपर्यंत, परदेशातील अघोषित मालमत्तेसंबंधी ५ कोटींपर्यंत आणि बेनामी मालमत्तेसंबंधी १ कोटीपर्यंत रक्कम मिळू शकते. खबर देणाऱ्याला सांकेतिक क्रमांक मिळतो आणि त्याचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन खात्यावर असते. जानेवारी २०२१ पासून आयकर खात्याच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. आकडे डोळ्यांत भरतात खरे, पण अटी सावकाश वाचाव्यात. अंतिम इनाम मिळते ते कर प्रत्यक्ष वसूल झाल्यावर, आणि अपिलांच्या पायऱ्या चढता चढता वर्षे लोटतात. शिवाय ते सरकारच्या मर्जीचे अनुदान आहे, त्यावर हक्क सांगता येत नाही. खोटी खबर दिल्यास मात्र फौजदारी होऊ शकते, आणि ते योग्यच आहे, कारण भाऊबंदकीचा सूड सरकारी धाडीने उगविण्याची हौस आपल्या समाजात कमी नाही. माझे स्पष्ट मत असे की, हा क्रम उलटा आहे. ज्याची नोकरी उद्या सकाळी जाणार त्याला दहा वर्षांनंतरच्या लाखांचे आमिष दाखविण्यापेक्षा त्याची बदली, बडतर्फी आणि छळ रोखणारा कायदा आधी हवा होता.

तसा कायदा आहे, कागदावर. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार उघड करणाऱ्या सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याचा खून झाला, तेव्हा उसळलेल्या संतापातून २००४ मध्ये केंद्र सरकारचा एक ठराव निघाला आणि केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारी सोपविल्या गेल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, मे २०१४ मध्ये, जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण तो अमलात आणणारी अधिसूचना निघालीच नाही. दरम्यान महाराष्ट्रात जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे जमिनींचे गैरव्यवहार उकरून काढणारे सतीश शेट्टी मारले गेले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्या इचलकरंजीत माहिती-अधिकाराचे कार्यकर्ते दत्तात्रय पाटील यांचा खून झाला. हे दोघे बँकेतले नव्हते. परंतु पतपेढीच्या टेबलाशी बसलेला कारकून जेव्हा लेखणी हातात घेऊन विचार करतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बर्केनफेल्डचे कोट्यवधी डॉलर येत नाहीत, इचलकरंजी येते.

राष्ट्रीयीकृत बँकेतील नोकराला तो २००४ चा ठराव उपयोगी पडतो. खासगी व परदेशी बँकांतील नोकरासाठी रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००७ मध्ये वेगळी योजना केली. सहकारी बँक त्या योजनेच्या नावातही नाही, आणि पतसंस्था तर सहकार निबंधकाच्या अखत्यारीतली. तेथला नोकर या दोन्ही छत्रांच्या बाहेर उघड्यावर उभा आहे. जी संस्था कोल्हापूरच्या घराघरांत पोहोचली तिच्याच नोकराला सर्वांत कमी आधार असावा, याचे मला अत्यंत दुःख वाटते, आणि सहकार खात्याने ही उणीव भरून काढण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

तोवर ज्याला बोलायचेच आहे त्याने गाजावाजा न करता बोलावे. खातेदारांचे कागद घरी नेऊ नयेत; तारखा, रकमा, शाखा आणि व्यवहाराची पद्धत स्वतःच्या माहितीतून नेमकी लिहावी; ऐकीव व पाहिलेले यांची सरमिसळ करू नये; आणि सहकाऱ्यांपैकी कोणालाही, कितीही जिवाभावाचा असला तरी, सांगू नये. दक्षता आयोगाकडे जाणारी तक्रार निनावी चालत नाही. नाव-पत्ता आत लिहून पाकीट बंद करावे लागते, पाकिटावर ती जनहितार्थ प्रकटनाची तक्रार असल्याचे नमूद करावे लागते, आणि पाठविणाऱ्याचे नाव बाहेर येऊ नये म्हणून आयोग त्या पत्राची पोच देत नाही. टपालपेटीत पाकीट टाकून माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे शाखेत जातो, त्याच टेबलाशी बसतो, आणि संचालक आले की इतरांबरोबर उठून उभा राहतो.