भरलेल्या कराचा पुरावा कोणी जपायचा?

न्यू जर्सीत स्थायिक झालेले माझे थोरले आतेबंधू नुकतेच भेटीस आले होते. वय बासष्ट. अर्थशास्त्राच्या अध्यापकाकडे येणाऱ्यास प्राप्तिकराची चर्चा चुकत नाही. त्यांनी १९९४ ते १९९९ या सहा वर्षांत दरसाल २,००० डॉलर वैयक्तिक निवृत्ति-खात्यात भरले होते, तेही कर दिलेल्या उत्पन्नातून. आता पैसे काढताना त्याच रकमेवर पुन्हा कर द्यावा लागणार काय, असा त्यांचा प्रश्न होता.

ही खाती १९७४ च्या कायद्याने निर्माण झाली आणि १९८१ मध्ये सर्व कमावत्यांना खुली झाली. १९८६ च्या करसुधारणेने मात्र ज्यांना नोकरीत निवृत्ति-योजना आहे व ज्यांचे उत्पन्न ठराविक मर्यादेपलीकडे आहे, त्यांची वजावट काढून घेतली. पैसे भरण्याची मुभा राहिली. अशा मुद्दलावर कर आधीच दिलेला असल्याने काढताना तो पुन्हा लागत नाही. वाढीवर तेवढा लागतो.

परंतु हे सिद्ध करावयाचे कोणी? बँक जमा रक्कम सरकारला कळविते. तिच्यावर वजावट घेतली की नाही, हे बँकेस ठाऊक नसते. ते खातेदाराने त्या त्या वर्षी फॉर्म ८६०६ भरून सांगावयाचे व बेरीज पुढे ओढत न्यावयाची. तो न भरल्यास, अन्य पुरावा नसेल तर, सारी रक्कम वजावट घेतलेलीच धरली जाते. फॉर्म न भरण्याचा दंड अवघा ५० डॉलर. खरी शिक्षा दुहेरी कराची.

शिवाय कर दिलेले डॉलर तेवढे वेगळे काढता येत नाहीत. दुधात साखर विरघळली की ती प्रत्येक घोटात येते, तसेच हे. आतेबंधूंच्या अशा सर्व खात्यांत मिळून ६०,००० डॉलर आहेत. पैकी १२,००० करमुक्त मुद्दल, म्हणजे पाचवा हिस्सा. वर्षात ५,००० काढले तर १,००० करमुक्त, उरलेल्या ४,००० वर कर.

आपल्याकडे २०२१ मध्ये भविष्य निर्वाह निधीतील कर्मचाऱ्याच्या वार्षिक अडीच लाखांवरील वर्गणीचे व्याज करपात्र झाले (मालकाची वर्गणी नसल्यास मर्यादा पाच लाखांची). तो कर योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण त्यासाठी निधीतच करपात्र व करमुक्त अशी दोन खाती वेगळी ठेवण्याचा नियम झाला. म्हणजे हिशेबाचे ओझे संस्थेवर आले. अमेरिकेसारख्या श्रीमंत राज्याने ते तीस-तीस वर्षे एकेका कारकुनाच्या, शिक्षकाच्या माथी ठेवावे, हे मला न्याय्य वाटत नाही.

आतेबंधूंना मी एवढेच सांगितले, की त्या सहा वर्षांचे फॉर्म आजही उशिरा भरता येतात, आणि सबळ कारण दाखविल्यास दंडही माफ होतो. जुनी विवरणपत्रे व बँकेचे फॉर्म ५४९८ मात्र हाती हवेत. ते तळघरातील कोणत्या तरी खोक्यात असावेत, असे वहिनींचे म्हणणे आहे.