असं का होतं? : समुद्रावरचा वारा मोजायचा कसा?

हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर वाऱ्याची झुळूक अंगाला लागण्याआधी डोळ्यांना दिसते. सपाट पाण्यावर बारीक तरंगांचा काळपट पट्टा सरकत येतो. शिडाची होडी हाकणारे त्यावरच नजर ठेवून असतात.

हीच युक्ती भारताचे ओशनसॅट उपग्रह ७०० किलोमीटरहून अधिक उंचीवरून वापरतात. ते समुद्रावर तिरके रडारतरंग सोडतात. पाणी शांत असेल तर आरशावर तिरप्या पडलेल्या विजेरीच्या झोतासारखे ते पलीकडे निघून जातात. वाऱ्याने सेंटिमीटरभर तरंग उठले, की काही भाग उलट फिरतो. परतणारा प्रतिसाद जितका जोरदार, तितका वारा जास्त. निरनिराळ्या कोनांतून पाहिलं, की दिशाही उमगते. ओशनसॅट-२ची (२००९) माहिती सिकंदराबादपासून फार लांब नसलेल्या शादनगरला उतरे. तिच्यावरून वारा काढण्याचं काम नेदरलँड्सच्या हवामान संस्थेनेही केलं.

एवढा आटापिटा कशाला? एक कारण म्हणजे समुद्रात उभारायच्या पवनचक्क्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातली ऊर्जा आठपट होते. अंदाजातली छोटी चूक पवनचक्कीच्या हिशेबात फार मोठी ठरते.

शिवाय उपग्रहाला दिसतो तो पृष्ठभाग. पाती फिरतात शंभरेक मीटर उंचीवर. म्हणून २०१७ साली गुजरातेतल्या पिपावावपासून सुमारे २३ किलोमीटर आत, समुद्रातल्या चौथऱ्यावर 'लायडार' बसवलं गेलं. युरोपीय संघाच्या पैशावर चाललेला 'फोविंड' प्रकल्प आणि चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था यांचं हे संयुक्त काम. लायडार वर लेसर सोडतं. वाऱ्याबरोबर वाहणारे धूलिकण तो परतवतात आणि परतलेल्या प्रकाशाच्या किंचित बदललेल्या कंपनांवरून प्रत्येक उंचीवरचा वेग कळतो.