अचलपूरचा थर

अमरावती जिल्ह्याचे १४ तालुके, कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा ही ४ पिकं आणि २०१८ ते २०२२ ही ५ वर्षं. लागवडीखालच्या क्षेत्राचे हे आकडे आर या संगणकभाषेत भरले की २८० घरांचा त्रिमितीय ॲरे तयार होतो. पहिली मिती तालुक्यांची, दुसरी पिकांची, तिसरी वर्षांची. तिन्ही मितींना ‘डिमनेम्स’, म्हणजे नावं, देऊन ठेवली, की हवा तो थर नाव घेऊन मागता येतो. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेल्या या भाषेतली मला सर्वांत आवडणारी सोय हीच.

चौकटी कंसात दोन स्वल्पविराम, म्हणजे तीन जागा. पहिल्या जागी अवतरणात ‘अचलपूर’, दुसरी कोरी, तिसऱ्या जागी ‘२०१९’. कोरी जागा म्हणजे त्या मितीतलं सगळं. त्यामुळे अचलपूरची त्या वर्षीची चारही पिकं समोर येतात. वर्षाचं अवतरण काढलं, तर आर २०१९ वा थर शोधू लागतो. थर तर पाचच! ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स’ म्हणून तो तिथेच थांबतो, आणि ते बरंच आहे.

पण क्रमांक मितीत बसणारा असला, की तो असा थांबत नाही. तालुके रोमन लिपीत वर्णक्रमाने लावले तर पहिला येतो अचलपूर. देवनागरीत लावले की संगणक अंजनगाव सुर्जीला पुढे घेतो. मग ‘१’ मागितल्यावर अंजनगावचा कापूस अचलपूरच्या नावावर अहवालात जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून शिकाऊ मुलांनाही मी क्रमांक वापरू देत नाही.

एकच तालुका मागितला की तालुक्याची मिती गळून पडते, तिच्यासोबत ‘अचलपूर’ हे नावही. पुढे थर जोडायचे असतील तर कंसात शेवटी ‘ड्रॉप’ची किंमत ‘फॉल्स’ लिहायची, म्हणजे मिती आणि नाव टिकतं.

नावांनाही पथ्य आहे. ‘अचलपुर’ ऱ्हस्व लिहिलं तर सापडत नाही. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे दोन्ही नुसते ‘चांदूर’ करून ठेवले, तर आर पहिलं चांदूर देऊन मोकळा होतो, चकार शब्द काढत नाही. जुन्या वऱ्हाडचे आकडे जोडताना जास्त जपावं लागतं. १९०५ पर्यंत एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, हा स्वतंत्र जिल्हा होता, दर्यापूर आणि मेळघाट त्यातच होते. ते आकडे आजच्या अचलपूर तालुक्याशी जुळवले तर सगळाच घोळ. त्या थराला मी ‘एलिचपूर जिल्हा’ असंच पूर्ण नाव देतो.