कारण नसलेला नकार

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांकडे बहुतेक अर्ज जानेवारीच्या आरंभी जातात आणि निकाल मार्चअखेरीस लागतो. आपल्याकडे गुणांची यादी लागते. एका गुणाने हुकले तरी कुठे हुकले ते कळते. तिथे नुसता नकार येतो, कारण येत नाही. माणसाला खाते ते नेमके हेच.

हार्वर्डवरील खटल्याचा २०१९ सालचा निकाल मी मुद्दाम वाचला. २०१५ च्या प्रवेशासाठी तिथे सुमारे ३५ हजार अर्ज होते, जागा सुमारे १,६००. त्यांतल्या अमेरिकेतल्याच साडेतीन हजारांच्या आसपास मुलांना एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी गुण! मग निवड होते ती कोणाला काय हवे यावर. खेळाडू हवा, वादक हवा, दूरच्या राज्यातला हवा. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचेही पारडे जड. संगीत मंडळीला तबलजी हवा असला की उत्तम पेटीवालाही परत जातो. त्याच्या बोटांत दोष असतो म्हणून नव्हे.

न्यू जर्सीतल्या माझ्या बहिणीला हे पटेना. भाच्याला तीन नकार आले, तेव्हा ती रात्री त्याचा निबंध घेऊन चूक शोधीत बसली.

“ताई, चूक असेल तर सापडेल ना!” मी म्हटले.

“मग घेतला का नाही?”

यावर मी काय बोलणार? भाचा मात्र शहाणा. तिथली प्रयोगशाळा आवडली म्हणून राज्याच्या विद्यापीठाकडेही त्याने आधीच अर्ज केला होता, आणि तिथला होकार कधीच आला होता. सकाळी मला विचारतो कसा, “मावशी, वसतिगृहात कुकर लावू देत नाहीत म्हणे. आमटीचं काय करायचं?”